लोगोचे रंग ठरवायचेत? आधी माल पाकिटात भरून बघा

मावशीने शेंगा चटणीचा घरगुती धंदा काढला तेव्हा लोगो मी करून दिला. चटणी लाल म्हणून लोगोही लाल, एवढाच माझा विचार. पारदर्शक पाकिटं छापून आली, आत चटणी भरली आणि नाव गायब! मावशी काही बोलली नाही. उरलेल्या पाकिटांत ती आता ज्वारीचं पीठ भरते. पिठावर लोगो झकास दिसतो.

म्हणून पहिलं काम रंग निवडायचं नाही. लोगो कुठेकुठे बसणार, ते लिहून काढा: पाकीट, दुकानाची पाटी, बिलबुक, व्हॉट्सअ‍ॅपचा गोल फोटो. मग तो नुसत्या काळ्यात करून बघा. रबरी शिक्क्याला आणि सिंगल कलर बिलबुकाला तोच लागतो. काळ्यात जमला नाही तर रंग त्याला वाचवणार नाहीत.

आता मुख्य रंग. लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, ही कोष्टकं फार मनावर घेऊ नका. तुमचा माल जिथे विकणार त्या दुकानात जा आणि त्या फळीचा फोटो काढा. तिथे सगळीच पाकिटं लाल असतील तर लाल सोडा. मुख्य रंग एक, जोडीला दुसरा, बाकी काळा-पांढरा, पुरे. चादरीत नाव विणून घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण तिथे वाढीव रंग म्हणजे वाढीव सूत.

ठरवलेली जोडी मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. अक्षरं आणि मागचा रंग सारखेच करडे दिसले तर जोडी बदला. लाल-हिरव्याची जोडी इथे बऱ्याचदा फसते, शिवाय काहींना त्या दोन रंगांतला फरक मुळातच कळत नाही. वेबसाइटवरच्या बारीक मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निदान 4.5:1 हवा.

छपाईत खरी गंमत आहे. स्क्रीनवर रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रकाश. छापखान्यात चार शाया. त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट उतरतो आणि पोपटी मरगळतो. ऑर्डर देण्याआधी खऱ्या कागदावर, खऱ्या पाकिटावर नमुना मागा. पारदर्शक पाकीट असेल तर रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर द्यायला सांगा, नाहीतर आतला माल रंगातून डोकावतो. हे मला पाचशे पाकिटांनंतर कळलं. पसंत पडलेल्या रंगाचे हेक्स (स्क्रीनसाठीचा कोड), सीएमवायके (चार शायांचं प्रमाण) आणि पॅन्टोन (तयार रंगपट्टीतला) क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. छापखाना बदलला तरी कागद तोच द्यायचा.

राहिलं ऊन. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. फ्लेक्सवरची गुलाबी आणि पिवळी शाई सहसा आधी उडते, निळी-काळी जास्त टिकते. मावशीसाठी नवा लोगो हळदी पिवळा केलाय, चटणीवर उठून दिसतो. पण त्याच्या फ्लेक्सचा एक तुकडा एप्रिलपासून गच्चीतल्या तारेला अडकवलाय. पाटीची ऑर्डर जूनमध्ये, तुकडा उतरवल्यावर.