गादीवर गादी टाकण्याआधी

बदलीची ऑर्डर हातात पडली की नवीन माणूस मला दोन गोष्टी विचारतो : कूलर कुठला घेऊ आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं. अंथरुणाचं कुणी विचारत नाही. मग महिनाभरात कंबर धरते आणि खापर पाण्यावर फुटतं. मी २०११ साली रत्नागिरीहून इकडे विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आलो, तेव्हा मीही पाण्यालाच नावं ठेवत होतो.

भाड्याच्या खोलीत लोखंडी पलंग होता, त्यावर काथ्याची जुनी, फळकुटासारखी गादी. नागपूरला जाऊन एसी दुकानातून तीन इंची मेमरी फोमचा टॉपर, म्हणजे गादीवर टाकायची पातळ गादी, आणला. हात दाबला की ठसा उमटायचा आणि सावकाश भरून यायचा, त्याला भुललो. पण हा फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि थंडीनं ताठरतो, हे दुकानात कुणी बोललं नाही. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो. त्याखाली टॉपर असा खचायचा की कंबर खड्ड्यात आणि पाठ घामानं चिंब. डिसेंबरातल्या पहाटे तोच टॉपर पाटासारखा. शेजारच्या काकूंनी एकदा बोटानं दाबून पाहिला. "हे रबर कायले घेतलं जी? पऱ्हाटीच्या मुलखात येऊन कापूस नाई भेटला तुमाले?"

त्यामुळे एसी दुकानातल्या मऊपणावर जाऊ नका. घ्यायचाच असेल तर मध्यम कडक घ्या, अगदी मऊ नको. 'कंबरदुखीला फळीवर झोपा' हा सल्ला इथंही ऐकायला मिळेल, पण तोही तितकासा खरा नाही. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर केलेला अभ्यास २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि खुबा रुतण्यापुरता मऊपणा लागतो. पालथं झोपणाऱ्याला कडकच बरी, नाहीतर पोट खाली जाऊन कंबर वाकते. अंगानं किरकोळ माणसाला जी गादी कडक लागते, तीच जाडजूड माणसाखाली दबते. म्हणून नवरा-बायकोचं एकमत झालं नाही तर दोन वेगवेगळे टॉपर घ्या, त्यात लाज कसली.

घरी एक करून पाहा. उताणं झोपून कमरेखाली तळहात सरकवा. हात आरपार जाऊन वर पोकळी उरली तर गादी कडक. हात सरकतच नसेल तर तुम्ही रुतलाय.

दुकानदार हमखास 'डेन्सिटी'चा आकडा तोंडावर फेकतो. डेन्सिटी म्हणजे घनमीटरमागे किलोत वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, मऊ की कडक ते कळत नाही. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि कडकही. तेव्हा आकडा ऐकून घ्या, पण चप्पल काढून पंधरा मिनिटं आडवे व्हा. दुकानदार बघत राहील, बघू द्या.

मी शेवटी कापसावर आलो. गादीवाल्याकडे स्वच्छ रुई पिंजून भरून घेतली. तीन बाय सहाच्या पुऱ्या गादीला आठ-दहा किलो लागते, मी वरून टाकायला चार-पाच किलोची पातळ करून घेतली. टाके जवळजवळ घालायला सांगा, नाहीतर रुई एका कोपऱ्यात गोळा होते. नवी गादी भुसभुशीत लागेल, पण महिन्याभरात बसते. मग दोनेक वर्षांनी दबून दगड झाली की पुन्हा पिंजायची. फोमचं असं पुन्हा काही करता येत नाही.

कापसाला ऊन दाखवा, सकाळी एक बाजू आणि दुपारी दुसरी. फोम मात्र उन्हात टाकू नका, पिवळा पडून भुगा होतो. तो सावलीत, वाऱ्यावर. रात्रभर कूलर चालला की दोन्ही ओलसर होतात, म्हणून सकाळी लगेच चादर घालून झाकू नका, तासभर उघडं राहू द्या.

खालची मूळ गादीच मध्ये बसली असेल तर वर काहीही टाका, खड्डा तिथंच राहतो. आधी ती बदला. अंगणात बाजेवर झोपणार असाल (नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, झोपालच) तर आधी पायाकडची दोरी ओढून घट्ट करून घ्या. सैल बाजेची झोळी होते आणि झोळीत मोठ्या माणसाची कंबर टिकत नाही.

उठल्यावर अंग आखडलेलं असेल आणि तासाभरात मोकळं होत असेल तर गादी तपासा. दिवसभर दुखत असेल, पायात मुंग्या येत असतील, तर गादीवाल्याकडे जाऊ नका, डॉक्टरकडे जा.

आणि तो तीन इंची टॉपर? दोन तुकडे करून हॉलमधल्या दिवाणावर टाकलाय. पाहुणे बसतात आणि 'वा, किती मऊ' म्हणतात.