उरलेल्या तुकड्यांची आणि पडून राहिलेल्या ब्लॉकची गोधडी

शिवून ठेवलेले पण कुठेच न लागलेले ब्लॉक (तुकडे जोडून केलेले नक्षीचे चौकोन) आणि पिशवीभर तुकडे एकत्र आणताना खरा प्रश्न मापाचा असतो, रंगाचा नंतर. म्हणून आधी प्रत्येक ब्लॉक इस्त्री करून मोजा आणि मापाची चिठ्ठी टाचा. १२.५ इंचांचे म्हणून शिवलेले ब्लॉकसुद्धा अनेकदा सव्वाबारा भरतात.

मापं जुळवायला मोठे ब्लॉक छाटू नका. छाटले की नक्षीची टोकं आणि कडेची माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) दोन्ही जातात. उलट सगळ्यात मोठा ब्लॉक प्रमाण धरा आणि लहान ब्लॉकना चारी बाजूंनी पट्टी जोडून त्या मापाला आणा. १०.५ इंचांचा ब्लॉक १२.५ करायचा तर पाव इंच शिवण धरून हिशेबाने दीड इंच रुंद पट्टी पुरते, पण कापताना दोन इंच घ्या. ब्लॉक १३.५ होईल, मग नक्षी मधोमध ठेवून चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच छाटा. जुन्या शिवणीतला वाकडेपणा या छाटणीत निघून जातो. सगळ्या ब्लॉकना एकाच कापडाची पट्टी लावली तर वेगवेगळ्या वेळी शिवलेले ब्लॉकही एका घरचे दिसतात.

ब्लॉक कमी असतील तर बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी घ्या. तेराच ब्लॉक आहेत? पाच बाय पाचच्या मांडणीत १३ ब्लॉक आणि १२ साधे चौकोन बसतात, प्रत्येक चौकोनाचा अर्धा इंच शिवणीत जाऊन गोधडी ६० बाय ६० इंचांची होते. चौकोन ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून एका रुंदीत तीन निघतात, म्हणजे दीड मीटर पुरेल. साधं कापड नको असेल तर तुकड्यांमधून अडीच इंच रुंद, साडेबारा इंच लांब सहा पट्ट्या कापून शेजारी शेजारी जोडा, तोच १२.५ इंचांचा चौकोन तयार होतो.

इथे शिवण नेमकी पाव इंच हवी. अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेली तर दोन्ही पट्ट्या मिळून एक सूत कापड आत जातं आणि पाच शिवणींत चौकोन अर्ध्या इंचाहून जास्त आखडतो. पहिला चौकोन मोजूनच पुढचे शिवा.

तुकडे निवडताना जाडी सारखी ठेवा. सुतीजवळ सुती लावा, होजिअरीचं ताणणारं कापड बाजूला ठेवा, आणि बोटाने ओढल्यावर विरणारं कापड सरळ टाकून द्या. सगळं वापरायचंच असा हट्ट धरला की गोधडी पहिल्या धुण्यात त्याच जागी फाटते. लाल, गडद निळे, काळे तुकडे गरम साबणपाण्यात पांढऱ्या चिंधीसोबत अर्धा तास भिजवा. चिंधीला रंग लागला तर तो तुकडा वापरू नका. तिरके कापलेले तुकडे ताणले जातात, त्यांच्या कडेला एक सूत आत आधी एक शिलाई मारून घ्या. अगदी बारीक चिंध्या पातळ जुन्या सुती कापडावर एकावर एक शिवत न्या आणि शेवटी चौकोन कापा.

मांडणी जमिनीवर पसरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. गडद तुकडे एका कोपऱ्यात गोळा झालेत का ते रंगांमुळे डोळ्यांना दिसत नाही, फोटोत लगेच कळतं.

किनार लावायची असेल तर तिची लांबी गोधडीच्या मधोमध मोजा, कडेला नाही. कड हाताळून ताणलेली असते. तिच्या मापाने कापलेली किनार लाटांसारखी उठते आणि इस्त्रीनेही बसत नाही.

अस्तर वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठं आणि मधला थर दोन इंच मोठा घ्या. अस्तर जमिनीला चिकटपट्टीने ताठ बसवा, वर थर पसरा, आणि दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावा. धावदोरा मधून सुरू करून कडेकडे न्या. कडेकडून आत आलात तर चुण्या मध्येच अडकतात. ब्लॉकच्या शिवणी जिथे एकमेकींवर येतात तिथे जाडी वाढून टाके सुटतात, तिथून थोडं बाजूने जा.

गोटासाठी, म्हणजे कडा झाकणाऱ्या पट्टीसाठी, उरलेल्या कापडाच्या अडीच इंची पट्ट्या लांबीने दुमडून वापरा. घेरापेक्षा वीसेक इंच जास्त लांबी धरा. पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडा, सरळ जोडात सगळी जाडी एका रेषेत येते. आणि शिवण्याआधी गोट कडेने फिरवून पाहा: एखादा जोड नेमका कोपऱ्यावर येत असेल तर सुरुवात थोडी सरकवा.