गिअरबॉक्समध्ये ओतलेली बाटली आणि माझा दुसरा गिअर

जुन्या गाडीचा दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायचा, सकाळी तर जास्तच. गिअरबॉक्स उघडायचं जिवावर आलं होतं, म्हणून त्याच्या ऑइलमध्ये मिसळायचं, घर्षण कमी करणारं अ‍ॅडिटिव्ह (बाटलीतलं रसायन) ओतलं. चार दिवस घरघर कमी वाटली (की मनाचे खेळ?), मग तिसराही कुरकुरायला लागला.

कारण नंतर उमगलं. गिअर बदलताना सिंक्रोनायझर या भागाची पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागाला घासूनच गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवते. तिथे घर्षण हवंच असतं, आणि मी नेमकं तेच मारलं होतं.

म्हणून इंजिन थोडं चालवून गिअरबॉक्सचं ऑइल कोमट असताना काढलं. आधी भरायचा प्लग सैल करून पाहिला. तोच जाम असेल तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा), ७५डब्ल्यू-९० (त्याचा दाटपणा) भरलं. जीएल-५ टाळलं, त्यातली जास्तीची गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळाला बाधू शकतात.

तिसरा सुधारला. दुसरा मात्र तसाच. काढलेल्या ऑइलमध्ये सोनेरी चकाकी होती, म्हणजे पितळ झिजलेलं; ऑइल काढायच्या प्लगवरचं चुंबक लोखंडाचा चुरा धरतं, पितळ धरत नाही. शेवटी गिअरबॉक्स उतरवलाच आणि रिंग बदलली.