ऊर्जेचे स्रोत आणि हवामानबदल : घरच्या मीटरपासून अभ्यास कसा करावा

ऊर्जा आणि हवामानबदल हा विषय शिकायचा म्हटले की बहुतेक जण ध्रुवावरच्या वितळणाऱ्या बर्फापासून सुरुवात करतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकाने ती आपल्या घरच्या मीटरपासून करावी, असे मी सुचवेन. कारण हा विषय मुळात मोजमापाचा आहे आणि मोजण्याचे पहिले साधन आपल्या भिंतीवरच बसवलेले असते.

पहिली पायरी युनिट वाचण्याची. 2023 मध्ये कर्नाटकात गृहज्योती योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत ‘झिरो बिल’ येते, आणि भरायचे काही नसल्यामुळे हेस्कॉम या आपल्या वीजकंपनीचा तो कागद न वाचताच खिळ्याला अडकवला जातो. रक्कम शून्य असली तरी वापर शून्य नसतो. मागील आणि चालू रीडिंगमधला फरक दर महिन्याला एका वहीत मांडावा; बिल मराठीत नसले तरी आकडे कळायला अडचण येत नाही. 1000 वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. शेतीपंपाचा हिशेबही असाच करावा : 5 एचपीची मोटर साधारण 3.7 किलोवॅटची असते, म्हणजे ती सात तास चालली तर किमान 26 युनिट खर्च होतात.

दुसरी पायरी या युनिटांचे वजनात रूपांतर करण्याची. भारतीय ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, सरासरी वीज धरली तर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे 2.3 किलो, एक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो, आणि 14.2 किलोच्या गॅस सिलिंडरमागे अंदाजे 42 किलो. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोही भरत नाही, मग त्यातून सव्वादोन किलोंहून जास्त वायू कसा निघतो, असा प्रश्न वाचकाला पडायलाच हवा. जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. 12 किलो कार्बनला 32 किलो ऑक्सिजन जोडला जातो आणि 44 किलो वायू तयार होतो. हे एकदा नीट समजले की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

तिसरी पायरी आपली वीज कुठून येते हे पाहण्याची. राज्याच्या भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर त्या त्या क्षणी कोणत्या केंद्रातून किती वीज येत आहे, ते दिसते. एकाच दिवशी दुपारी एक वाजता आणि रात्री आठ वाजता ते पाहावे. पावगडच्या सौर उद्यानाचा वाटा रात्री नाहीसा झालेला असतो आणि शरावतीचे जलविद्युत आणि रायचूर, बळ्ळारीची कोळशावरची केंद्रे यांच्यावर भार येतो. कैगा अणुकेंद्राचा आकडा मात्र दोन्ही वेळा फारसा हलत नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोर धरतो तेव्हा सौंदत्तीकडच्या पवनचक्क्यांचे महत्त्वही लक्षात येते. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाला जोडले. त्यामुळे आपल्या घरातले युनिट नेमके कोणत्या केंद्रातले हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच वर देशाची सरासरी वापरली आहे.

यानंतर स्रोतांची तुलना करावी, पण केवळ धूर पाहून नव्हे. उपकरण बनवण्यापासून मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीने 2014 च्या अहवालात दिलेले मध्यम आकडे असे आहेत (इतर तापवणारे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरून) : एका युनिटमागे हवेत जाणारा वायू कोळशाचा 820 ग्रॅम, नैसर्गिक वायू 490, छतावरील सौर 41, जलविद्युत 24, अणुऊर्जा 12 आणि जमिनीवरील पवनऊर्जा 11. जलविद्युतच्या आकड्यात धरणागणिक मोठा फरक पडतो, कारण बुडिताखालील झाडझाडोरा कुजून मिथेन हा तापमान वाढवणारा वायू निघतो.

आपल्या भागात खरी परीक्षा उसाची आहे. साखर कारखाने बगॅस, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड, जाळून वीज करतात. गुऱ्हाळाच्या चुलवाणातही चिपाडच जळते. धुराड्यातून धूर निघतो म्हणून ही वीज कोळशासारखीच, असे म्हणणे चूक आहे : उसातला कार्बन वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच आलेला असतो, तर कोळशातला कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. पण ती पूर्ण निर्दोष आहे, हेही मला मान्य नाही. युरियामुळे शेतातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमान वाढवतो. शिवाय उपसा सिंचनाची वीज आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे डिझेल आहेच. आपल्या गावातल्या एका एकराचा हा सगळा खर्च शेतकऱ्याला विचारून लिहून काढावा. या अभ्यासातला सर्वांत शिकवणारा भाग हाच ठरेल.

शेवटची पायरी हवामानाची, आणि तिथे घाई करू नये. औद्योगिक काळापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे 280 होता, आता तो 420 च्या वर गेला आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते. म्हणून मुसळधार पावसाची शक्यता वाढते. तरीही 2019 चा महापूर किंवा 2023 चा दुष्काळ, यांतले एकेक वर्ष उचलून ‘हा हवामानबदलच’ असा निष्कर्ष काढता येत नाही. सरासरी काढायला साधारण 30 वर्षांची नोंद लागते. जवळच्या पर्जन्यमापकाची जुनी आकडेवारी मिळवून वर्षाच्या एकूण पावसाबरोबर पावसाचे दिवसही वेगळे मोजावेत, कारण एकूण तितकाच राहून तो कमी दिवसांत कोसळू लागला, तर हे केवळ बेरजेत दिसत नाही.