पाणलोटाचा नकाशा शेअर करताना या चुका टाळा, नाहीतर बंधारा ओडिशात दिसेल

वरूड-मोर्शी भागात भूजलाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, नकाशे भरपूर आहेत. भूजलवाल्यांचे विहिरींचे पॉइंट, कृषी विभागाची शेततळी, एखाद्या संस्थेने केलेला नाल्यांचा सर्व्हे, सगळं कुणाच्या ना कुणाच्या लॅपटॉपमध्ये पडलेलं असतं. बोंब होते ती एकाकडून दुसऱ्याकडे फाइल जाताना. मी स्वतः यातल्या बहुतेक चुका करून बसलोय.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. आपल्याकडे बहुतेक यूटीएम वापरतात, त्यात पृथ्वीचे उभे पट्टे म्हणजे झोन पाडलेले असतात. त्यातला झोन ४३ कुठे संपतो आणि ४४ कुठे सुरू होतो, तर ७८ अंश रेखांशावर, आणि ही रेघ नेमकी अमरावती जिल्ह्यातूनच जाते. अमरावती शहर ४३ मध्ये, वरूड ४४ मध्ये. आता एकाने ४३ मध्ये काम केलं, शेपफाइल (नकाशाच्या डेटाचा प्रकार, त्यात एकाच नावाच्या तीन-चार फाइली असतात) पाठवताना फक्त डॉट एसएचपी तेवढी पाठवली, प्रोजेक्शन सांगणारी डॉट पीआरजे राहिली. समोरच्याने अंदाजाने ४४ निवडला की सगळे बंधारे ६ अंश पूर्वेला सरकले, म्हणजे सहाशेवर किलोमीटर, थेट ओडिशात. हे परवडलं, कारण लगेच दिसतं. खरा ताप जुन्या टोपोशीटवरून काढलेल्या नाल्यांचा, कारण त्या शीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) असतात आणि आपला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या डेटमवर. फरक पडतो शंभर-दीडशे मीटरचा. नकाशा ठीकच वाटतो, फक्त नाला संत्र्याच्या बागेतून वाहताना दिसतो आणि आपण मोबाइल हातात धरून धुऱ्यावर उभे राहून म्हणतो, अरे बंधारा गेला कुठे.

उपाय: शेपफाइल पाठवायचीच असेल तर एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे, सीपीजी सगळ्या एका झिपमध्ये टाका आणि मेसेजमध्ये प्रोजेक्शनचा ठरलेला क्रमांक म्हणजे ईपीएसजी नंबर लिहा, झोन ४३ साठी ३२६४३, ४४ साठी ३२६४४, साध्या अक्षांश-रेखांशाला ४३२६. त्यापेक्षा सरळ जिओपॅकेज पाठवा, एकच फाइल असते, काही मागे राहतच नाही. लेअर (नकाशाचा एक थर) चुकीच्या जागी दिसली तर नुसतं 'सेट सीआरएस' करून बसू नका, त्याने फक्त प्रोजेक्शनच्या नावाची पाटी बदलते, आतले आकडे तेच राहतात. आधी खरी पाटी लावा, मग आकडे बदलणारं 'रीप्रोजेक्ट' करा.

शेपफाइलचा आणखी एक त्रास मराठीत काम करणाऱ्यांनाच कळतो. कॉलमच्या नावाला जागा १० बाइटची आणि यूटीएफ ८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा धरून, म्हणजे 'गावाचे नाव' मधलं 'गाव' तेवढं मावतं. आतली गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन आली तर डेटा गेला असं समजू नका, बऱ्याचदा फक्त एन्कोडिंगची सीपीजी फाइल झिपमध्ये राहिलेली असते, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेअरच्या प्रॉपर्टीत जाऊन यूटीएफ ८ निवडून बघा. तरी प्रश्नचिन्हंच असतील तर मात्र सेव्ह करतानाच वाट लागलीय, मूळ फाइल मागवा.

आता एक्सेल. हा तर घरचा भेदी. गट नंबर १२/१ टाइप केला की एक्सेल त्याची १२ जानेवारी करतो. मी एकदा घाबरून तो कॉलम टेक्स्ट केला तर ४५६६९ असे पाच आकडी नंबर आले, आणि गंमत म्हणजे ४५/२ तसाच शाबूत, त्यामुळे अर्धी यादी बरोबर दिसते आणि कुणाला संशय येत नाही. टाइप करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करा, आणि आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी) डबल क्लिक करून उघडू नका, इम्पोर्टने उघडा. त्याच सीएसव्हीत अक्षांश आणि रेखांश उलटे पडले तर वरूडची विहीर स्वालबार्डला जाते, आर्क्टिकमध्ये, तिथे पाण्याचा प्रश्न नाही म्हणा.

गावाच्या नावावर दोन टेबल जोडू नका. पिंपळगाव किती आहेत मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. एलजीडी कोड (सरकारी डिरेक्टरीतला गावाचा क्रमांक) नाहीतर २०११ च्या जनगणनेचा गावकोड वापरा. जिल्हा कोडवर मात्र जपून, पालघर २०१४ ला झाला, २०११ च्या यादीत तो सापडणारच नाही.

उंचीचं थोडक्यात सांगतो. काही जीपीएसची कच्ची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यात आपल्याकडे साठेक मीटरचा फरक पडतो, दोन्ही मिसळून भूजल पातळीचा नकाशा काढला की पाणी डोंगर चढायला लागतं. कुठली उंची आहे ते कॉलमच्या नावातच लिहा.

काही जण अजून 'परवानगी लागेल' म्हणून फाइलच देत नाहीत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्ती-संस्थांना नकाशाचा डेटा गोळा करायला, वापरायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही, संवेदनशील ठिकाणांचे नियम तेवढे पाळायचे. पण म्हणून शेतकऱ्याचं नाव, मोबाइल नंबर आणि बोअरची खोली असलेली शीट जशीच्या तशी ग्रुपवर टाकायची नसते. नाव-नंबरचे कॉलम काढा, मग पाठवा.

आणि बंधाऱ्याचे जिओटॅग फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवले की त्यातलं लोकेशन उडतं. पेपरक्लिप दाबून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमच्याकडे एका पावसाळ्याचे सगळे फोटो असेच आले, मग हिवाळ्यात मोटारसायकलवर परत सगळे नाले फिरावे लागले.