उबुंटूत स्क्रीन काळी पडली? ग्राफिक्स ड्रायव्हर दुरुस्त करताना या चुका टाळा

अपडेटनंतर स्क्रीन काळी पडली की आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातली मंडळी दोनच गोष्टी करतात: उबुंटू पुन्हा टाकतात, नाहीतर सीपीयू उचलून सिल्व्हर मॉलमधल्या दुरुस्तीवाल्याकडे नेतात. खरं तर यातलं काहीच सहसा लागत नाही. काय बिघडलंय ते मशीन स्वतःच सांगत असतं, ते आधी वाचायला हवं. (खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.)

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॉगिन मागणारी ओळ दिसली, तर सिस्टिम चालू आहे, अडलंय ते फक्त ग्राफिक्स, म्हणजे बहुधा ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर. तेही दिसलं नाही तर सुरू होताना एस्केप दाबून ग्रब मेन्यूत (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत) जा, ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा उपाय तेवढ्या वेळेपुरताच. काहीजण तो ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा घालून ठेवतात आणि मग नवं कार्ड असूनही व्हिडिओ अडखळतो म्हणून वैतागतात. नोमोडसेट असेपर्यंत बहुतेक कार्डांचा खरा ड्रायव्हर नीट कामच करू शकत नाही.

आता लॉगिन करून टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय -के’ चालवा. व्हीजीएच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या, नोंदीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ची ओळ शोधा. तिथे ‘नूव्हो’ असेल तर एनव्हिडिया कार्डाचा मुक्त ड्रायव्हर चालू आहे, ‘एनव्हिडिया’ असेल तर कंपनीचा. ओळच नसेल तर कार्डाला कोणताच ड्रायव्हर मिळालेला नाही. एएमडी कार्डाचा ‘एएमडीजीपीयू’ दिसला तर वेबसाइटवरून काही उतरवू नका. तो कर्नलमध्येच (सिस्टिमच्या गाभ्यातच) असतो, बहुतेक वेळा कर्नल आणि ‘लिनक्स-फर्मवेअर’ अपडेट केलं की भागतं.

एनव्हिडियाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन वाटांनी ड्रायव्हर टाकल्याने. आधी ॲप्टने (उबुंटूच्या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने) टाकला, जमला नाही, म्हणून त्यावरच कंपनीच्या वेबसाइटवरची ‘रन’ फाइल चालवली. मग दोघांच्या फायली एकमेकांवर चढतात. आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ने रन फाइलवाला काढा, नंतर ॲप्टची एनव्हिडिया पॅकेजेस ‘पर्ज’ करा (सेटिंगसकट काढून टाका), आणि मगच ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. कार्डाला चालणारा ड्रायव्हर ही कमांड स्वतः निवडते. मित्राच्या मशीनवर चालतो तो आवृत्तीचा आकडा बघून टाकू नका. जीटी ७१० सारखी केप्लर पिढीतली कार्डं ४७० मालिकेपर्यंतच चालतात. त्यापुढचा ड्रायव्हर त्यांना ओळखतच नाही.

कधीकधी ड्रायव्हर नीट बसला, तरी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणते, ड्रायव्हरशी बोलता येत नाही. इथे माणसं हमखास परत सगळं काढून टाकतात. थांबा, ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ चालवा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं तर दोष ड्रायव्हरचा नाही, सिक्युअर बूटचा (सुरू होताना फक्त मान्य सहीचेच प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीचा) आहे. ड्रायव्हरच्या मॉड्यूलवरची (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या भागावरची) सही मशीनला अजून मान्य नाही. इन्स्टॉल करताना उबुंटूने एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता, तो याचसाठी. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि ती दहाच सेकंद थांबते. आपण तेवढ्यात चहा आणायला उठतो आणि संधी हुकते. ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एन्रोल-की’ द्या, विचारेल तेव्हा पासवर्ड ठरवा आणि पुन्हा रीस्टार्ट करा, समोरून हलू नका. निळ्या स्क्रीनवर ‘एन्रोल एमओके’ (ती सही मान्य करा), ‘कंटिन्यू’, ‘येस’ निवडा, मग आत्ता ठरवलेला पासवर्ड. त्या स्क्रीनवर तुमचा मराठी कीबोर्ड नसतो, म्हणून पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा ठेवा. सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं, पण एका पासवर्डाने प्रश्न सुटत असताना मशीनचं संरक्षण का काढायचं?

‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असा संदेश मात्र फार मनावर घेऊ नका. अपडेटने डिस्कवर नवा ड्रायव्हर आला, मेमरीत जुनाच चालू आहे, इतकंच. रीस्टार्ट करा.

पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाइट गेली, तर पॅकेजेस अर्धवट राहतात. लाइट आल्यावर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, बाकी सगळं त्यानंतर.

आणि नव्या कर्नलनंतरच बिघडलं असेल, तर ग्रबमधल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्या कर्नलने सुरू करून बघा. तिथे कार्ड चाललं, तर ‘डीकेएमएस स्टेटस’ची यादी बघा (डीकेएमएस प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल तयार करतो). नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर त्याच आवृत्तीचे ‘लिनक्स-हेडर्स’ (मॉड्यूल तयार करायला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) टाका आणि ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’पुढे त्या कर्नलची आवृत्ती लिहून चालवा. मॉड्यूल तयार व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर टर्मिनल बंद करू नका.