आधी प्लेट वाचा, मग सर्टिफिकेट

भोसरी-चाकणकडच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपला अणुवीज प्रकल्पाची ऑर्डर आली की क्यूसीत, म्हणजे दर्जा तपासणीत, नव्याने लागलेल्या पोरांचे मला फोन येतात: सर, फाइल केवढी मोठी आहे, सुरुवात कुठून करू? फाइलपासून करूच नका. टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन प्लेटपाशी जा.

प्लेटवर पंच केलेला हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या ओतीतलं त्याचा क्रमांक, वाचा, वहीत लिहा आणि मग टेस्ट सर्टिफिकेट उघडा. कागद आधी वाचला की ३ चा ८ सहज दिसतो. प्लेट कापायच्या आधी नंबर दुसऱ्या तुकड्यावरही पंच करून घ्या, तुमच्यासमोर.

सर्टिफिकेटची खात्री थेट लॅबकडून करा, सप्लायरने दिलेल्या ईमेलवर नाही. २०१२ मध्ये दक्षिण कोरियात खोट्या प्रमाणपत्रांवर हजारो सुटे भाग अणुवीज केंद्रांत गेल्याचं उघडकीला आलं आणि दोन अणुभट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. भाग तरी काय, फ्यूज, स्विच असले!

खरा वेळ कार्बनवर घालवा. धातूतले घटक दाखवणारी पीएमआय गन लावली, क्रोमियम-निकेल बरोबर आलं की सही होते. पण ती एक्स-रेवाली गन कार्बन मोजतच नाही, आणि ३०४एल स्टेनलेस स्टीलला कार्बनची मर्यादा आहे ०.०३ टक्के. तेव्हा स्पेक्ट्रो, म्हणजे कार्बनही मोजणारी स्पेक्ट्रोमीटर चाचणी, हवीच. नमुना कुठून कापला तेही विचारा. फ्रान्समधल्या फ्लामाव्हिलला अणुभट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळात ०.२२ ची मर्यादा असताना काही जागी ०.३० टक्के कार्बन असल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. मोठा इंगट, म्हणजे पोलादाचा ओतीव ठोकळा, गोठताना कार्बन वरच्या, मधल्या भागात गोळा होतो. कडेचा नमुना मात्र ठणठणीत येतो. पात्र तोवर बसवून झालेलं होतं. २००७ मध्ये काम सुरू झालेल्या त्या भट्टीची वीज ग्रिडला मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. जैतापूरसाठी प्रस्तावित भट्ट्याही त्याच ईपीआर जातीच्या, म्हणून एवढं सांगतोय.

वेल्डिंगच्या बाबतीत जुलैत जास्त जागे राहा. लो-हायड्रोजन रॉड दमट हवेत पाणी धरतात. रॉड कोरडे ठेवायच्या ओव्हनच्या नोंदवहीत आठवडाभर एकाच शाईत एकच तापमान दिसलं तर दार उघडा. आत रॉडशेजारी जेवणाचे डबेही गरम होत असतात.

वेल्डच्या सांध्यांच्या रेडिओग्राफीच्या, म्हणजे एक्स-रेसारख्या, फिल्म सुट्या बघू नका. शेजारशेजारच्या सांध्यांच्या फिल्म व्ह्यूअरवर एकत्र लावा. दोन वेगळ्या नंबरांखाली तोच ठिपका त्याच जागी दिसला, तर एकच सांधा दोनदा शूट झालाय. दोन्ही पुन्हा शूट करायला लावा आणि रात्र झाली तरी तिथेच थांबा.

दोष सापडला की एनसीआर, म्हणजे दोषाची लेखी नोंद, लगेच लिहा. मालक म्हणेल, ‘‘साहेब, घासून घेतो की, लिहिताय कशाला?’’ घासू द्या, आणि घासल्यावर उरलेली जाडी मोजून तो आकडाही त्याच एनसीआरमध्ये टाका.